बाळंतपणानंतर (लेखांक ५) : सव्वा महिना सरल्यावरचा थकवा

मागच्या लेखांकात सव्वा महिन्यातले शेक, मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू पाहिले. त्यातलं सगळंच वैद्यकीय कसोटीवर उतरत नाही, बाळंतिणीला पाणी कमी देणं तर अपायकारकच. पण त्या दिवसांत तिला कुणीतरी झोपू देत होतं, आणि माझ्या मते खरा गुण त्याचा होता. माहेराहून परतल्यावर बाळ रात्री उठतच राहतं, मदतीचे हात मात्र उरत नाहीत. मग ती दमली म्हटलं की उत्तर ठरलेलं : 'बाळंतपणात असं चालायचंच.' हे उत्तर मला घातक वाटतं, कारण त्यामागे बऱ्या होणाऱ्या गोष्टी दडून राहतात.

पहिली, रक्ताची कमतरता. नैसर्गिक प्रसूतीतही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं, सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आधीच रक्त कमी, त्यात ही भर. जिना चढताना धाप लागते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लोहाच्या लाल गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, पण बाळ झालं की पुष्कळजणी त्या थांबवतात. शिवाय चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही.

दुसरी, थायरॉईड. काहीजणींना प्रसूतीनंतरच्या महिन्यांत या ग्रंथीला सूज येते. आधी धडधड आणि चिडचिड, पुढे बाळ चार ते आठ महिन्यांचं असताना सुस्ती, थंडी वाजणं, वजन वाढणं. साध्या रक्ततपासणीत हे कळतं.

आता मनाचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. तसं झालं नाही, तर नैराश्याचा विचार करायला हवा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणी नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, मुलगा हवा असताना मुलगी होणं यांमुळे धोका वाढत होता. नैराश्यात असलेल्यांपैकी बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तेव्हाच कुणी नीट विचारलं असतं, तर कळलं असतं.

घरच्यांनी तिला एक प्रश्न जरूर विचारावा : बाळ झोपलंय, सांभाळायला दुसरं कुणी आहे, अशा वेळी तुला झोप लागते का? निव्वळ दमलेली बाई पाठ टेकताच झोपते. तरीही डोळा लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, 'मी वाईट आई आहे' हेच घोळत असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, ती असंबद्ध बोलू लागली असेल, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बाकी उपाय घरातच आहे. रात्री पाजायचं तिलाच असलं, तरी लंगोट बदलणं, ढेकर काढणं, बाळाला परत निजवणं बापाला येतं. तेवढ्यानंही तिला जरा जास्त झोप मिळते.

पुढच्या आठवड्यात : नोकरीवर परतताना.