पेट्रोलचा पाइप आणि तोंडात गेलेला घोट

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटरसायकलचा पेट्रोलचा पाइप जरा वाकवून पाहावा. एकेकाळचे मऊ रबर कडक झालेले असते आणि बारीक भेगा दिसतात. उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते झिजते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या धाटणीच्या रबरात ते शिरले की रबर फुगते, त्याला लवचिक ठेवणारी द्रव्ये निघून जातात आणि सुकल्यावर ते तडकते.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबर फाटले तर जादा हवा आत शिरते. गाडी सिग्नलवर बंद पडते, नाहीतर आपोआप रेस होते. ही भेग शोधायला काहीजण चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडतात! आवाजातला फरक पाण्याच्या फवाऱ्यानेही कळतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. पाइप ठिबकत असलेली गाडी रात्री पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी लावणे म्हणूनच धोक्याचे.

पाइप बदलणे सोपे आहे. रुग्णालयात यायची वेळ येते ती टाकी रिकामी करताना. नळी टाकीत सोडून तोंडाने ओढायची सवय अजून गेलेली नाही. घोट पोटात गेला तर त्रास बहुधा मर्यादित राहतो. पण पेट्रोल अतिशय पातळ असल्याने ठसका लागताच श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसभर पसरते. वायुकोश उघडे ठेवणारा नाजूक थर त्याने नष्ट होतो. आधी खोकला, मग काही तासांनी ताप आणि धाप. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून किमान सहा तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे लागते. यावर उतारा नाही. ऑक्सिजन देऊन फुप्फुस सावरण्याची वाट पाहावी लागते.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा सर्वांत वाईट घरगुती उपाय. वर येणारे पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेच्या तोंडावरून जाते. दुधाचाही उपयोग नाही. रुग्णाला बसते ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

खरे तर तोंड लावायची गरजच नसते. बहुतेक जुन्या गाड्यांत टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते. इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या जागेत कॉक बंद करून पाइपचे खालचे टोक काढावे, धातूच्या कॅनमध्ये सोडावे आणि कॉक उघडावा. पेट्रोल आपसूक उतरते. नवा पाइप इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीचाच मागावा. पाण्याची पारदर्शक नळी, किंवा कुणी लावतात तशी सलाइनची नळी, पेट्रोलने लवकरच कडक होते. क्लिपही नव्या घ्याव्यात.

काळे हात मात्र साबणानेच धुवावेत. पेट्रोलने त्वचेतला स्निग्धांश जातो, भेगा पडतात आणि त्यातले बेन्झीन कर्करोगकारक आहे.