संरक्षणखर्चाचा खरा हिशेब

केंद्रीय अर्थसंकल्प संसदेत मांडला गेला, की संरक्षणासाठी केलेल्या तरतुदीवर दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. दोन सीमांवर तणाव असताना ही तरतूद तुटपुंजी आहे, असे निवृत्त सेनाधिकारी बजावतात. उलट, शाळा आणि दवाखाने पैशावाचून अडले असताना शस्त्रास्त्रांवर एवढा खर्च कशासाठी, असा सवाल दुसरीकडून केला जातो. दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले तरी त्यांची मोजपट्टी एकच असते. राष्ट्रीय उत्पन्नाचा किती टक्के भाग संरक्षणावर खर्च झाला, एवढेच ते पाहतात. परंतु ही टक्केवारी कितीही घोटवली तरी तिच्यातून देशाच्या सुरक्षिततेचे मोजमाप होत नाही. तो पैसा कशावर जातो आणि सैन्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे, हे प्रश्न त्याआधीचे होत.

इतिहासाचा दाखला या बाबतीत बोलका आहे. १९६२ पूर्वी संरक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयात जो पराभव झाला, त्यानंतर यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीस पाचारण करण्यात आले आणि अल्पावधीत हे प्रमाण चार टक्क्यांच्या जवळपास पोहोचले. पण त्या काळाचे खरे महत्त्व केवळ या वाढीत नाही. उत्तर सीमेवर पहाडी युद्ध लढावे लागणार, हे आधी निश्चित झाले. त्यासाठी दहा पर्वतीय डिव्हिजन, सव्वाआठ लाखांचे स्थलदल आणि हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन असे उद्दिष्ट ठरले आणि १९६४ ते १९६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना त्यावर बेतण्यात आली. आधी भूमिका, मग संख्या आणि शेवटी पैसा, असा तो क्रम होता. त्याची झळ विकासाला बसली, हे खरे. युद्धे आणि अवर्षण यांच्या दुहेरी ताणाखाली १९६६ नंतर तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच स्थगित ठेवावी लागली. तथापि, आपण कशासाठी किंमत मोजत आहोत, याची जाणीव तेव्हा राष्ट्राला होती.

शंभर रुपयांची वाटणी

आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाकडे वळावे. त्यात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. केंद्राच्या एकूण खर्चाशी तिचे प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या घरात आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी दोन टक्क्यांच्या किंचित खाली होते. याचा अर्थ असा, की जे प्रमाण १९६२ नंतर बेफिकिरीचे लक्षण मानले गेले, त्याच प्रमाणात जगातील सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक पोसले जात आहे. अर्थव्यवस्थाच अनेक पटींनी विस्तारल्यामुळे हे शक्य झाले. टक्केवारी किती फसवी असते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

या तरतुदीची शंभर रुपयांत विभागणी केली, तर चित्र स्पष्ट होते. नवी विमाने, नौका, तोफा अशा भांडवली खर्चाच्या वाट्याला त्यांतील सुमारे २६ रुपये येतात. सेनादलांचे पगार, इंधन, दुरुस्ती आणि दैनंदिन व्यवहार यांवर ४६ रुपये जातात. निवृत्तिवेतनासाठी २४ रुपये लागतात आणि उरलेले चार मंत्रालयाच्या मुलकी संघटनांना मिळतात. म्हणजे उद्याच्या युद्धाची साधने घेण्यासाठी जेवढा पैसा मिळतो, जवळजवळ तेवढाच काल सेवा केलेल्यांच्या निवृत्तिवेतनास लागतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. तो सैनिकाने आधीच कमावलेला, पण पुढे ढकललेला पगार आहे. मुलकी नोकर साठीपर्यंत सेवेत राहतो. जवानाला मात्र ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी परतावे लागते, कारण सैन्य तरुण राहावे ही राष्ट्राची गरज असते. म्हणूनच १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या मुलकी नोकरांसाठी अंशदायी निवृत्तिवेतन लागू झाले, तेव्हा सेनादलांना त्यातून वगळण्यात आले. २०१५ मध्ये 'समान पद, समान निवृत्तिवेतन' हे तत्त्व स्वीकारले गेले आणि बोजा आणखी वाढला. संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनधारकांची संख्या आता ३४ लाखांच्या घरात आहे.

या आकड्यामागे गावे आहेत. पहिल्या महायुद्धापासून फौजेत माणसे धाडणारे सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखले जाते. माण-खटावसारख्या अवर्षणप्रवण मुलखात ज्या घरातला एक मुलगा फौजेत असतो, त्या घराला पावसाच्या लहरीवर न विसंबणारे उत्पन्न असते. त्यातून विहीर खोदली जाते, बहिणीचे लग्न होते, पुढची पिढी शिकते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा महसुली खर्च असला, तरी त्या घराचे भांडवल तेच असते.

पुढे ढकललेले देणे

राज्यकर्त्यांपुढील पेच मात्र खरा आहे. २०२० साली गलवानमध्ये वीस भारतीय सैनिकांनी प्राण वेचले. त्यानंतर लडाखच्या उंचीवर हजारो जवान तैनात करावे लागले. उलट, मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये निर्णायक भार क्षेपणास्त्रे, वैमानिकरहित विमाने आणि हवाई संरक्षण यंत्रणा यांवर पडला. एका आघाडीला माणसे हवीत, दुसरीला यंत्रे हवीत. आणि पैसा एकाच तिजोरीतून यावयाचा आहे. माणसांवरील खर्च आटोक्यात आणल्याखेरीज यंत्रांसाठी पैसा उरणार नाही, हे उघड आहे.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या 'अग्निपथ' योजनेकडे या संदर्भात पाहावे लागेल. सैन्याचे सरासरी वय कमी करणे, हा तिचा घोषित हेतू. चार वर्षांची सेवा, त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त एक-चतुर्थांश तरुणांना कायम सेवा आणि उरलेल्यांना 'सेवानिधी' देऊन निरोप, असे तिचे स्वरूप आहे. सेवानिधीची रक्कम व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सांगितली जाते. पण त्यातील निम्मा भाग त्या तरुणाच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमवलेला असतो. सरकारचा हिस्सा तेवढाच. निवृत्तिवेतन व उपदान मात्र नाही.

काटकसरीच्या दृष्टीनेही या योजनेचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही. जुन्या पद्धतीने भरती झालेल्या जवानाला निवृत्तिवेतन लागू होण्यास किमान पंधरा वर्षांची सेवा लागत असे. म्हणजे २०२३ साली दाखल झालेल्यांच्या निवृत्तिवेतनात जी बचत व्हावयाची, ती २०३८ च्या सुमारास दिसू लागणार. तोपर्यंत ३४ लाखांचे जुने देणे कायम आणि सेवानिधीचा नवा खर्च शिवाय. यंत्रसामग्रीसाठी आज लागणारा पैसा या मार्गाने आज हाती येत नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी गावी परतणाऱ्या तरुणाच्या पुढील आयुष्याची जोखीम मात्र राज्याच्या खात्यातून निघून त्याच्या कुटुंबाच्या खात्यात आजच जमा झाली आहे.

मराठ्यांच्या इतिहासात या प्रकारच्या हिशेबाचा एक धडा आहे. शिवाजी महाराजांचा कटाक्ष सैन्याला सरकारी खजिन्यातून रोख पगार देण्यावर होता. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, खजिना रिता असताना, सरदारांना वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. त्या क्षणाची निकड समजण्यासारखी होती. पण टाळलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या रूपाने पुढच्या पिढ्यांकडून वसूल होतो, हा अनुभव राज्याला पुढे आला.

दुसरा मार्ग

सैन्य तरुण ठेवण्याचा दुसरा मार्ग सुचवला गेला नव्हता, असे नाही. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जवानाची सक्रिय सेवा सात ते दहा वर्षांवर आणून त्यानंतर त्याला निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, अशी शिफारस केली होती. त्यात सैन्य तरुण राहिले असते, निमलष्करी दलांना प्रशिक्षित माणूस मिळाला असता आणि सैनिकाची रोजीरोटीही तुटली नसती. पण तसे करण्यासाठी दोन मंत्रालयांनी एका हिशेबावर सहमत होणे आवश्यक होते. ते घडले नाही. 'अग्निपथ' जाहीर होताच निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखण्याची घोषणा झाली, हे त्या शिफारशीकडे टाकलेले अर्धे पाऊल होय. घोषणेचे रूपांतर संसदेच्या कायद्यात झाल्याखेरीज ते पुरे होणार नाही.

भांडवली खर्चाच्या बाबतीतही असाच एक उपाय कागदावर तयार आहे. शस्त्रखरेदीचे करार अनेक वर्षे चालतात, पण अर्थसंकल्पातील तरतूद ३१ मार्चला संपते आणि न वापरलेला पैसा परत जातो. पंधराव्या वित्त आयोगाने यासाठी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता सुमारे २ लाख ३८ हजार कोटी रुपयांचा, वर्षअखेर व्यपगत न होणारा आधुनिकीकरण निधी सुचवला. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. तत्त्वतः मान्यतेने तोफा येत नाहीत, हे सांगावयास नको.

या साऱ्या प्रश्नांचा ऊहापोह व्हावा, असे हक्काचे स्थान म्हणजे संसद. तेथील स्थिती काय? २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा संपूर्ण अर्थसंकल्प चर्चेविना काही मिनिटांत संमत केला. संरक्षणाच्या मागण्या त्यातच होत्या. सैनिकांच्या शौर्यावर भाषणे करणारे सभागृह त्यांच्या सेवाशर्तींवर तासभरही बोलत नसेल, तर निर्णय सचिवालयात होतील आणि त्यांची झळ गावांना लागेल.

२०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. दर चौघांतील तीन तरुण घरी परतणार. शस्त्र हाताळण्याचे शिक्षण मिळालेल्या, शिस्तीत वाढलेल्या आणि पंचविशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या तरुणांना पुढचे काम कोणते, याचे उत्तर राज्याने पैशाच्या आणि कायद्याच्या भाषेत दिले पाहिजे. तरतूद दोन टक्के असावी की तीन, हा वाद त्यानंतर घालता येईल.