आकाशाची साक्ष

हैफाकडे निघालेल्या मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर मी उभा असता, विद्युत्-नकाशावरील आमच्या जहाजाचे चिन्ह एकाएकी पाणी सोडून बैरूतच्या विमानतळावर जाऊन बसले. 2024 साली त्या समुद्रात अनेक जहाजांची हीच गत झाली होती. त्यामुळे पहाऱ्यावरचा रत्नागिरीकडील तरुण सेकंड ऑफिसर मुळीच गडबडला नाही. "काका, असा उघड थापाड्या परवडला, हळूहळू सरकवणारा भेटला की पंचाईत," एवढे बोलून तो कामाला लागला.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येणारा जीपीएसचा संदेश ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली दबण्याइतका क्षीण असतो आणि त्याच्या नागरी रूपाची रचना जगजाहीर असल्याने, जवळून थोड्या अधिक जोराने बोलणाऱ्या तोतयाचे फावते. मात्र खरे उपग्रह आकाशभर विखुरलेले, म्हणून त्यांचे आवाज कमीअधिक. तोतयाचे सारे 'उपग्रह' बहुधा एकाच दिशेने, संशयास्पद सारख्या जोराने बोलतात.

अधिकाऱ्याने नकाशाचा उपग्रहाशी संबंध तोडला आणि वेग व दिशा यांवरून काढलेल्या अनुमानित स्थितीवर तो चालू ठेवला. यापुढची त्याची खबरदारी मला विशेष मार्मिक वाटली: रडारला मिळणारा वेग आणि जायरोच्या दुरुस्तीस लागणारा अक्षांश हेही त्याच भ्रष्ट उगमातून येत असल्याने, साक्षीदार स्वतंत्र आहेत की एकाच्याच पढवणीवरून बोलत आहेत याची खातरजमा करून, ती मूल्ये त्याने हाताने भरली. मग कार्मेल डोंगराच्या टोकाचा दिगंश, रडारवरील त्याचे अंतर आणि पाण्याची खोली यांचा मेळ घातला. शेजारची जहाजेही आपली खोटी स्थिती प्रसारित करीत असल्याने पडद्यावर विमानतळावर त्यांची जत्रा भरली होती. रडारच्या प्रतिध्वनीत मात्र ती निमूटपणे पाण्यातच होती.

हळूहळू सरकवणाऱ्याची त्याची धास्ती निराधार नव्हती. 2013 साली टेक्सस विद्यापीठाचे टॉड हम्फ्रीज व त्यांचे विद्यार्थी यांनी, मालकाच्या संमतीने, आयोनियन समुद्रात 'व्हाइट रोझ ऑफ ड्रॅक्स' या नौकेला खोटे संदेश असे बेमालूम पाजले की, नकाशावर सरळ रेषा दिसत असता नौका प्रत्यक्षात वळत गेली आणि धोक्याची एकही घंटा वाजली नाही.

युरोपच्या गॅलिलिओने 2025 साली रीतसर सुरू केलेल्या सेवेत उपग्रह संदेशावर मोहोर करतो आणि ती पडताळण्याची किल्ली मागाहून जाहीर करतो. तथापि खराच संदेश टिपून किंचित विलंबाने पुन्हा सोडणाऱ्यापुढे केवळ मोहोर पुरेशी पडत नाही. आमच्या कॅप्टनचा हुकूम त्याहून जुन्या वळणाचा होता: नांगर पडेपर्यंत दर सहा मिनिटांनी दिगंश घ्यावा आणि रोजनाम्यात नोंदवावा.