ट्रिगरचं 'वजन' म्हणजे काय? आणि पिस्तूल नुसतं कमरेला खोचणं धोक्याचं का?

खिशात पॉवर बटण आपोआप दाबलं जाऊन भलताच कॉल लागलाय, असं तुमच्याही बाबतीत कधीतरी झालं असेल. बटण बोटानं दाबलं की किल्लीनं, हे फोनला कळत नाही. पिस्तुलाच्या ट्रिगरलाही कळत नाही. फरक एवढाच की तिथं कॉल कट करता येत नाही.

आपल्या कोल्हापूरपासूनच सुरुवात करू. २०१८ च्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफ खेळून गोल्ड जिंकलं. या प्रकारात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो. म्हणजे ट्रिगर वजनाला जड नसतो. तो सुटायला किती जोर लागतो, ते हे वजन सांगतं. तपासणी एकदम साधी असते. रिकाम्या पिस्तुलाची नळी वर करायची, ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवायचं आणि पिस्तूल उचलायचं. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. १० मीटर एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम पुरतात. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटर रायफलला तर किमान वजनाची अटच नाही.

मग एवढा हलका ट्रिगर धोक्याचा नाही का? रेंजवर नाही. तिथं हुकूम मिळाल्याशिवाय गोळी भरत नाहीत, नळी कायम टार्गेटकडे असते आणि नेम धरायचा नसेल तेव्हा चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो. घरी जाताना सगळं पेटीत.

अंगावर बाळगायच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. ते भरलेलं असतं आणि माणूस चालतो, बसतो, बाईकवर टांग टाकतो. म्हणून त्याचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवतात. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा साधारण अडीच किलो. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा पाच किलोच्या आसपास, शिवाय लांब ओढावा लागणारा. पण त्याच रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं आधीच मागे ओढलेला असेल, तर काम निम्म्याहून कमी जोरात होतं.

आता खरा घोळ. अडीच किलो ऐकायला भारी वाटतं, पण घाईत पिस्तूल खाली दाबताना हाताचा जोर त्याहून सहज जास्त जातो. मध्ये शर्टाचा कोपरा किंवा जॅकेटची दोरी अडकली की संपलं. ग्लॉकच्या ट्रिगरवरची छोटी पट्टी पिस्तूल पडलं तर वाचवते, ट्रिगरमध्ये काही अडकलं तर वाचवेलच असं नाही. अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेसनं २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये असंच ग्लॉक होल्स्टरशिवाय पँटमध्ये खोचलं होतं. ते घसरलं, सावरायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत. वर बेकायदा शस्त्राबद्दल तुरुंगवास. पिक्चरमधला हिरो मात्र बिनधास्त कमरेला खोचतो, कारण त्याचं पिस्तूल नकली असतं!

ट्रिगर न ओढताही गोळी सुटू शकते, हेही लक्षात घ्या. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. ते हातातून पडून गोळी सुटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली गोळी असेल आणि घोड्यावर आपटलं, तर ट्रिगरचं वजन काहीच कामाचं नाही. नव्या बनावटीत घोडा आणि गोळी यांच्यामध्ये अडसर असतो.

होल्स्टर म्हणजे नुसतं कव्हर नाही. चांगलं होल्स्टर ट्रिगरगार्ड पूर्ण झाकतं, तोंड उघडं ठेवतं आणि पिस्तूल घट्ट धरतं. कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकचं त्यासाठी बरं. जुनं, मऊ पडलेलं चामडं आत दुमडून स्वतःच ट्रिगर दाबू शकतं. पिस्तूल परत ठेवताना बोट ट्रिगरगार्डबाहेर सरळ, शर्ट बाजूला, नजर होल्स्टरवर आणि हात सावकाश. काढताना घाई असेल एकवेळ. ठेवताना कसली घाई? घोडा असलेल्या पिस्तुलावर अंगठा ठेवला की काही अडकलं तर घोडा हलताना लगेच कळतं.

आणि हो, लायसन्स आहे म्हणून स्टेटसला पिस्तूल नाचवायची परवानगी मिळत नाही. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नाचवायला बंदी आहे. लग्नावरातीत हवेत बार काढला आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात आला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ट्रिगर खरंच ओढायची हौस असेल तर रायफल क्लबमध्ये एअर पिस्तूलपासून सुरुवात करा. ५०० ग्रॅम म्हणजे किती हलकं, ते पहिल्याच शॉटला कळेल.