गोठणरोधके
पाण्यात मिसळल्यावर त्याचा गोठणबिंदू खाली आणणाऱ्या पदार्थांना गोठणरोधके म्हणतात. त्यांचा मुख्य उपयोग वाहनांच्या एंजिनांतील शीतन व्यवस्थेचे कडाक्याच्या थंडीपासून रक्षण करण्यासाठी होतो. रशिया, कॅनडा, उत्तर यूरोप इ. प्रदेशांत ती अनिवार्य असून भारतात लडाख, लाहूल-स्पिती व सिक्कीमचा उंचावरील भाग येथे त्यांची गरज भासते.

बहुतेक द्रव गोठताना आकुंचन पावतात, पाणी मात्र प्रसरण पावते. ४° से. च्या खाली त्याची घनता कमी होऊ लागते आणि बर्फ होताना घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढते. सिलिंडरांभोवतीच्या बंदिस्त पोकळीत या वाढीला जागा नसते. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, परंतु ताण फारसा सोसत नाही. त्यामुळे सिलिंडरांचा ठोकळा तडकतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या तर त्याआधीच फुटतात. बर्फ तडा बुजवून ठेवत असल्याने ही हानी गोठतेवेळी दिसत नाही. बर्फ वितळला की गळती सुरू होते, किंवा पाणी वंगण-तेलात उतरून ते दुधाळ होते. ठोकळ्याच्या बाजूंना बसविलेली पत्र्याची गोल बुचे अशा वेळी बाहेर फेकली जाऊन ठोकळा वाचवितात, असा समज आहे. वस्तुतः ती ओतकामातील वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके बंद करतात. ती कधी निसटतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही.

चालू एंजिनही सुरक्षित नसते. एंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद राहतो व गरम पाणी रेडिएटरकडे जात नाही. तेव्हा समोरून येणाऱ्या वाऱ्याने रेडिएटरचा तळ गोठतो, अभिसरण अडते आणि पुढे बर्फ असतानाच मागे एंजिनातील पाणी उकळू लागते. शीत प्रदेशांत रेडिएटरसमोर जाड कापडाचा पडदा लावतात तो यासाठीच.

रात्री सर्व पाणी काढून टाकणे हा जुना उपाय. त्यासाठी रेडिएटरचा व ठोकळ्याचा असे दोन्ही तोट्या उघडाव्या लागतात. तरी पंपात व हीटरच्या नळ्यांत थोडे पाणी राहतेच. गोठलेल्या एंजिनात कढत पाणी ओतण्याची सवय घातक असून तिच्यामुळेही ठोकळे तडकतात. पूर्वी मिथेनॉल, एथेनॉल, ग्लिसरीन व कॅल्शियम क्लोराइड हे पदार्थ वापरीत. मिथेनॉल ६५° से. ला उकळून उडून जाते, ग्लिसरीन थंडीत फार दाट होते, तर क्लोराइडामुळे धातू झपाट्याने गंजतात.

या सर्वांची जागा एथिलीन ग्लायकॉलाने घेतली. शार्ल आदॉल्फ व्ह्यूर्ट्‌स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८५६ मध्ये प्रथम तयार केले. वाहनांसाठी त्याचा प्रसार मात्र १९२० नंतरच्या दशकात झाला. त्याचा उकळबिंदू १९७° से. असल्याने ते उडून जात नाही. घनफळाने ३३% ग्लायकॉल असलेले मिश्रण सु. –१८° से. ला, ५०% चे सु. –३७° से. ला व ६०% चे सु. –५२° से. ला गोठू लागते. शुद्ध ग्लायकॉल मात्र सु. –१३° से. लाच गोठते. त्यामुळे ७० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढविल्यास संरक्षण वाढण्याऐवजी घटते. शिवाय पाण्यापेक्षा त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता बरीच कमी असते. मिश्रण गोठताना प्रथम पाण्याचे स्फटिक वेगळे होतात व उरलेला द्रव अधिक संहत होत जातो. त्यामुळे एकसंध बर्फाऐवजी मऊ लगदा तयार होतो व फुटण्याचा धोका आणखी खालच्या तापमानापर्यंत टळतो.

सपाटीवरील वाहनात उन्हाळाभर नळाच्या पाण्याची भर घातली जाते व मिश्रण नकळत पातळ होते. पुण्या-मुंबईहून असे वाहन लेहला गेले, तर टाकीतील द्रवाचा रंग गडद असूनही संरक्षण नाममात्रच उरलेले असू शकते. रंग हा केवळ उत्पादकाने मिसळलेला असतो. त्यावरून प्रमाण कळत नाही. ते द्रवघनतामापकाने किंवा प्रणमनांकमापकाने पाहावे. प्रोपिलीन ग्लायकॉल असल्यास दुसरे साधनच वापरावे लागते, कारण त्याची घनता पाण्याच्या घनतेच्या फार जवळ असते. लेहच्या उंचीवर (सु. ३,५०० मी.) उघड्या भांड्यातील पाणी सु. ८८° से. ला उकळते. ग्लायकॉलामुळे उकळबिंदू वाढतो. म्हणून चढणीवरही ते उपयोगी पडते, मात्र रेडिएटरचे दाबझाकण सुस्थितीत असले पाहिजे.

ग्लायकॉलाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन अम्ले बनतात. ती निष्प्रभ करण्यासाठी व ॲल्युमिनियम, तांबे आणि लोखंड यांचे एकत्र रक्षण करण्यासाठी सिलिकेटे, फॉस्फेटे किंवा कार्बनी अम्लांची लवणे मिसळतात. जुन्या प्रकारचे मिश्रण साधारणपणे दोन वर्षांनी, तर कार्बनी अम्लयुक्त मिश्रण सु. पाच वर्षांनी बदलतात. भिन्न प्रकार एकत्र करू नयेत. मिश्रणासाठी खनिजमुक्त पाणी घ्यावे. विहिरीच्या दुष्फेन पाण्याने नळ्यांत पुटे जमतात. गोठण्याचे भय नसलेल्या महाराष्ट्रासारख्या प्रदेशातही गंजरोधनासाठी हे मिश्रण वापरणे इष्ट ठरते.

एथिलीन ग्लायकॉल गोडसर व विषारी असते. पोटात गेल्यास प्रथम दारूसारखी झिंग येते. पुढे त्यापासून ऑक्झॅलिक अम्ल तयार होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात व ती निकामी होतात. फोमेपिझोल किंवा एथेनॉल ही उतारे म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली देतात; रक्तशुद्धीकरणाचीही गरज पडते. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते. लहान मुलांनी ते पिऊ नये म्हणून काही उत्पादक त्यात डेनॅटोनियम हा अत्यंत कडू पदार्थ घालतात. प्रोपिलीन ग्लायकॉल कमी विषारी, पण महाग असते. गॅरेजमध्ये काढलेले जुने मिश्रण उघड्या भांड्यात ठेवू नये किंवा गटारात सोडू नये. गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात व दगावतात.