म्हाताऱ्या घोड्यांतून उभी राहिलेली कंपनी

मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार आपल्या पाथर्डीकरांना काही नवीन नाही. तिथं दात बघून भाव ठरतो. वय झालं की भाव पडला. शर्यतीच्या घोड्यांचंही तसंच, फक्त त्यांचं 'म्हातारपण' फार लवकर येतं. चार-पाच वर्षं पळाला की संपलं, पण खुराक मात्र चालूच.

पुण्याचे सायरस पूनावाला याच धंद्यात वाढले. वडील सोली पूनावाला यांनी १९४६ साली स्टड फार्म सुरू केला होता. पुढं या फार्मच्या घोड्यांनी देशातल्या मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. तेव्हा 'गरिबीतून वर आले' वगैरे मी सांगणार नाही. घरात पैसा होता, नाव होतं. पण या धंद्याला फार दिवस नाहीत, हे पोराला विशीतच कळलं होतं. आधी त्यांनी स्पोर्ट्स कार बनवून पाहिली. कारखाना काढायला लागणारं भांडवल आवाक्याबाहेरचं निघालं, तो नाद सोडला.

आता मुद्द्याचं ऐका. फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला दिले जायचे. तिथं घोड्याला धनुर्वाताच्या विषाचे थोडे थोडे डोस टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे घटक तयार होतात. मग थोडं रक्त काढून त्यातला सीरम वेगळा करतात, शुद्ध करतात. घोडा जिवंत राहतो, पुन्हा कामाला येतो. म्हणजे घोडा पूनावालांचा आणि औषध दुसऱ्याचं! हे आपणच का करू नये, असं एका पशुवैद्यानं सुचवलं आणि १९६६ साली, वयाच्या पंचविशीत, भाऊ झवेरे यांच्यासोबत हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आधी धनुर्वातावरचं सीरम, नंतर लसी, सर्पदंशावरचं औषधही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारं इंजेक्शन आपल्याकडं अजून घोड्याच्या रक्तापासूनच बनतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आज डोसांच्या संख्येत ही जगातली सगळ्यांत मोठी लस कंपनी आहे. आणि तरी शेअर बाजारात नाही, घरचीच आहे.

दानधर्माचं म्हणाल तर पत्नी विल्लू यांच्या नावानं पुण्यात काम चालतं. २०२१ मध्ये त्यांच्या कंपनीनं ऑक्सफर्ड विद्यापीठाला लस संशोधनासाठी ५ कोटी पौंड जाहीर केले. पण मला विचाराल तर खरं मोठं काम धंद्यातच झालंय. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी यायच्या. तिथल्या देशांनी सांगितलं, डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त परवडणार नाही. आधी भाव ठरला, मग त्यात बसेल अशी लस सीरमनं बनवली. २०१० पासून ती कोट्यवधी लोकांना मिळाली. आपण उलटं करतो ना? आधी खर्च मांडतो, मग गिऱ्हाईक शोधत फिरतो. अर्थात पातळ मार्जिनवर चालायचं तर माल प्रचंड खपला पाहिजे, हेही विसरू नका. दहा किलो मसाल्यावर हा हिशोब बसत नाही.

आपल्या मागच्या बॅचमधला एक जण शेळ्या पाळतो. लेंडीखताचं विचारलं तर म्हणाला, "सर, एक जण येऊन ट्रॉली भरून नेतो, आम्हाला तेवढीच जागा मोकळी होते." तो माणूस त्याचं पुढं काय करतो, कुणाला देतो, काय भावानं? उत्तर नव्हतं. येत्या रविवारी ट्रॉलीमागं मोटारसायकल घालतो म्हणालाय.