नाडी ओवण्याचं कसब आणि कार्प मासा

परकरात नाडी ओवायची सवय, त्यामुळे मुलाच्या पोलमध्ये इलॅस्टिक ओवायला मला जड गेलं नाही! इथे इंग्लंडात तळ्यावर कार्प धरायच्या या पोकळ काठीला रीळ नसतं. माशाचे हिसके टोकातलं इलॅस्टिकच झेलतं.

गेल्या उन्हाळ्यात काठाजवळच गळ मुळांत अडकला. लेकाने पोल उचलून जोर लावला. इलॅस्टिक ताणलं, गळ सुटला आणि शिशाच्या मण्यांसकट सणसणत त्याच्या कानाजवळून गेला. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून आमच्याकडे चष्म्याशिवाय तळं नाही. अडकलं, तर पोल मागे घ्यायचा, दोरी कापडात गुंडाळून धरायची, तोंड फिरवायचं आणि हातानेच तोडायची.

माशाचाही विचार हवाच. गळाजवळचा दोरा मुख्य दोरीपेक्षा कच्चा ठेवावा. तुटलंच, तर माशामागे इलॅस्टिक फरफटत जात नाही. ओवताना मी इलॅस्टिक बोटांतून फिरवते. चीर लागली की सरळ कचऱ्यात. (नवरा म्हणतो, "अजून चाललं असतं.") आणि पोल कार्बनचा असतो, वीज वाहतो, डोक्यावर तारा असतील, तर तिथे बसूच नये.